डबल बेल मिळाल्याशिवाय नाही

सावकाशरावांनी उभ्या आयुष्यात कोणाला ओव्हरटेक केलं नाही. बस चालवत होते तेव्हा नाही, आणि निवृत्त झाल्यावर पायी चालतानाही नाही. पुढचा माणूस चपलेचा पट्टा लावायला वाकला, की हेही त्याच्यामागे थांबत. तो दचकून वळून बघे. हे म्हणत, "होऊ द्या तुमचं. मला घाई नाही."

त्यांना एक खरं नावही होतं. त्या नावाने कोणी हाक मारली, तर ते बाजूला सरून मागच्या माणसाला वाट देत.

त्यांची बायको त्यांच्याच बसवर कंडक्टर होती. तिला सगळे कंडक्टरबाई म्हणत. बाईंचा आवाज असा, की त्यांनी "पुढे सरका" म्हटलं की बसमधलेच नाही, तर थांब्यावरचे लोकही पुढे सरकत.

दोघांचं लग्न बसमध्येच जमलं. शेवटची फेरी होती, गाडी रिकामी. सावकाशरावांनी थांब्यावर गाडी उभी केली. उतरायला कोणी नव्हतं, चढायलाही कोणी नव्हतं. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून, समोरच्या काचेकडे बघत ते म्हणाले, "बाई, माझ्याशी लग्न कराल का?"

मागे बराच वेळ काहीच आवाज नाही. मग डबल बेल आली.

सावकाशरावांनी आरशात पाहिलं आणि गाडी गिअरमध्ये टाकली.

बसमध्ये एक बेल म्हणजे थांबा आणि दोन बेल म्हणजे चला. हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण बाकीचे लोक बसमधून उतरले की विसरतात. हे दोघे कधी उतरलेच नाहीत, असं म्हटलं तरी चालेल.

त्यांचं घर चढाच्या गल्लीत, अगदी शेवटचं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे अंगण. तिथला हिवाळा म्हणजे चेष्टा नव्हे. सकाळी नळ उघडला तर तो आधी खोकायचा, मग गप्प बसायचा. मधल्या खोलीत एक लोखंडी शेगडी होती. तिचा धुराचा नळ भिंतीतून बाहेर गेलेला. ती पेटली की घर घर वाटे. विझली की आतबाहेर सारखंच. मुलीने एकदा विजेचा हीटर आणून दिला होता. तो लावला आणि घराचा फ्यूज गेला. घाबरत घाबरत परत लावला, तर गल्लीची वीज गेली. तेव्हापासून हीटरवर लोणच्याची बरणी ठेवलेली असे.

शेगडीचं दार लहान. ओंडका आत जात नसे. म्हणून लाकूड फोडावं लागे, आणि सावकाशराव लाकूड कसं फोडत, ते बघायला गल्लीत नवा आलेला प्रत्येक माणूस एकदा तरी भिंतीपाशी थांबे आणि तोंड मिटायला विसरे.

त्यांची जुनी बस भंगारात निघाली, तेव्हा डेपोने म्हटलं, आठवण म्हणून काहीतरी घेऊन जा. लोक अशा वेळी एखादी पाटी नेतात. सावकाशरावांनी एक टायर, बाजूचा आरसा, आणि घंटा दोरीसकट उतरवून घेतली. डेपोचा मिस्त्री म्हणाला, "घरी गाडी जोडताय की काय?"

"नाही," सावकाशराव म्हणाले, "लाकडं फोडायची आहेत."

मिस्त्री हसला. त्याला वाटलं म्हाताऱ्याने विनोद केला.

अंगणात गुडघ्याएवढा एक जाड ठोकळा होता. त्याच्यावर त्यांनी टायर आडवा खिळवून टाकला. फोडायचं लाकूड टायरच्या पोटात उभं राही. फुटलं तरी ढलप्या तंगड्यांवर उडत नसत, आतच उभ्या राहत. आणि कुऱ्हाड चुकली, तर रबरावर बसून जिरे, पायावर येत नसे. समोरच्या खांबावर आरसा लावला. म्हणजे मागून कोण येतंय ते दिसावं. त्याच खांबावर घंटा. तिची दोरी कड्यांमधून ओवून अंगणावरून थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नेलेली. आणि ठोकळ्याभोवती चुन्याचं मोठं रिंगण. कुऱ्हाड हातात असताना त्या रेघेच्या आत कोणी यायचं नाही. बाई त्या रेघेला फुटबोर्ड म्हणत.

काम असं चाले. सावकाशराव आधी जाड बूट घालत, मग चष्मा. कुऱ्हाडीचं पातं दांड्यावर हलतंय का ते बघत. हलत असेल तर त्या दिवशी सुट्टी. मग लाकूड हातात घेऊन फिरवून बघत. आधीच चीर कुठे गेली आहे, गाठ कुठे आहे. गाठीवर कधी घाव घालायचा नाही. गाठीचं लाकूड बाजूला, त्याला पाचर आणि घण. बाकीचं टायरमध्ये उभं करायचं, पाय फाकवायचे आणि कुऱ्हाड वर उचलायची.

आणि थांबायचं.

दारातून बाई डावीकडे बघत, उजवीकडे बघत. रिंगणात कोणी नाही अशी खात्री झाली की दोरी ओढत. टण टण. सावकाशराव आरशात बघत. मग गुडघे वाकवून कुऱ्हाड खाली आणत. खाट्. लाकूड दुभंगे.

बाईंना ढलप्या उचलायच्या असल्या की टण. एकच. कुऱ्हाड खाली, पातं जमिनीत.

या कामावर असताना ते एकमेकांना नवराबायकोसारखं बोलत नसत. घरात "अहो" आणि "अगं". अंगणात "ड्रायव्हर" आणि "बाई".

तर या घरात भांडण झालं.

मुलगी बाळंत झाली होती. रविवारी ती बाळाला घेऊन पहिल्यांदाच आईवडिलांकडे राहायला येणार होती. बाई दिवसभर विणत. पिवळी टोपी, पिवळे मोजे, पिवळा स्वेटर, आणि एवढं करून उरलेल्या लोकरीचं पुन्हा काहीतरी पिवळंच. सावकाशराव लाकडं फोडत. बाळ येणार म्हणजे शेगडी दिवसरात्र चालू हवी. शेडमध्ये वर्षभर सुकलेले ओंडके छतापर्यंत रचले होते. फोडायचीच काय ती खोटी.

सोमवारी सकाळी सावकाशरावांनी कुऱ्हाड उचलली. टण टण झालं. त्यांनी कुऱ्हाड खाली आणली. आणि अगदी शेवटच्या क्षणी त्यांना डोळ्यांच्या कोपऱ्यात बाई दिसल्या. रिंगणाच्या आत. ठोकळ्यापाशी वाकलेल्या. हात ढलपीकडे.

सावकाशरावांनी गाडी बाजूला घातली. म्हणजे कुऱ्हाड. ती ठोकळ्याच्या कडेला जमिनीत घुसली. बाई मागे उडी मारून बसल्या. अंगाला ओरखडा नाही. फक्त उडी मारताना डाव्या पायातली चप्पल मागे राहिली होती. तिचे मधोमध दोन भाग झाले.

बाई धूळ झटकत उठल्या.

मग बाई म्हणाल्या, "बेल नसताना तुम्ही गाडी सोडलीत."

"बेल होती," सावकाशराव म्हणाले. "डबल होती."

"मी दिली नाही."

"मी ऐकली."

"मी इथे वाकले होते ड्रायव्हर! इथून दोरी ओढायला माझा हात काय रबराचा आहे?"

"मग ओढून आत आल्या असाल."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि सावकाशरावांना कळलं की आता हे निस्तरत नाही. बाईंचा चेहरा बदलला. त्या अगदी हळू म्हणाल्या, "म्हणजे मी खोटी बेल दिली."

इथे नीट समजून घ्यायला हवं. बाईंनी आख्ख्या नोकरीत कधी चुकीची बेल दिली नव्हती. एका म्हातारीचं एक पाऊल खाली, एक पायरीवर, असं असताना मागच्या गाड्या हॉर्नने कान फोडत होत्या, तरी दिली नव्हती. आणि सावकाशरावांनी आख्ख्या नोकरीत बेलशिवाय गाडी हलवली नव्हती. पोलीस हात करून पुढे बोलवत होता, तरी नाही. बेल नव्हती म्हणावं, तर हे बेलशिवाय निघणारे ड्रायव्हर ठरतात. बेल होती म्हणावं, तर त्या माणूस खाली असताना बेल देणाऱ्या कंडक्टर ठरतात. दोघांपैकी एकाला म्हातारपणी धुळीला मिळवल्याशिवाय हे भांडण मिटत नव्हतं.

बाईंनी चपलेचे दोन तुकडे उचलले. स्वयंपाकघरात खिळ्याला लटकवले.

"पुरावा," त्या म्हणाल्या. आणि बोलणं बंद केलं.

बोलणं बंद म्हणजे एकमेकांशी. घरात बोलण्यासारखं पुष्कळ असतं, ते कोणाशी तरी बोलावं लागतंच. शेजारच्या शिंपीणबाईंचा एक बोका होता. जाडजूड, राखाडी, एक कान फाटलेला. तो दिवसभर यांच्याकडेच पडलेला असे. ती जबाबदारी त्याच्यावर आली.

"बोक्या, सांग त्यांना, चहा निवतोय."

"बोक्या, सांग त्यांना, साखर कमी आहे."

"बोक्या, विचार त्यांना, बेल ऐकू येते, मग डब्यात साखर संपली ते दिसत नाही का?"

बोका एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. त्याचं वजन त्या आठवड्यात वाढलं. दोघेही त्याला आपल्या बाजूला वळवायला दूध घालत होते.

पण बोका लाकडं फोडू शकत नव्हता. फोडलेल्या ढलप्या बुधवारी संपल्या. बुधवारी संध्याकाळपासून घर गार पडत गेलं. बाई स्वेटरवर स्वेटर घालून विणत बसल्या. सावकाशराव कानटोपी घालून जेवले. बोका जेवून आपल्या घरी गेला. तेवढा तो अजून एकनिष्ठ नव्हता.

गुरुवारी सकाळी सावकाशराव एकटेच अंगणात उतरले. बूट, चष्मा. पातं बघितलं. लाकूड उभं केलं. पाय फाकवले, कुऱ्हाड उचलली.

आणि उभे राहिले.

त्यांनी मनाला सांगितलं, आता खाली आण. हात खाली येईना. पुन्हा सांगितलं. हातांना ते ऐकूच गेलं नाही. त्या हातांना आयुष्यभर एकाच आवाजाची सवय होती. खांदे भरून आले, कपाळावर घाम आला, आणि तो गारही व्हायला लागला. मग त्यांनी आजूबाजूला बघून, लाजत, तोंडाने म्हटलं, "टण टण."

हात हसले नाहीत एवढंच.

भिंतीवरून शिंपीणबाईंचं डोकं वर आलं. "दादा, पुतळा बसवणार आहेत का हो तुमचा? त्याची प्रॅक्टिस?"

सावकाशरावांनी कुऱ्हाड खाली ठेवली. त्यांना वाटलं, शिंपीणबाईंनाच विचारावं. विचारलं. शिंपीणबाई आनंदाने आल्या. त्यांना त्या दोरीचं कुतूहल फार दिवसांपासून होतंच.

"कशी ओढायची?"

"मी कुऱ्हाड उचलली, आणि रिंगणात कोणी नसलं, की दोनदा."

सावकाशराव जागेवर गेले. वाकून लाकूड उभं करत होते तेवढ्यात टणटणटणटण. शिंपीणबाई पाय-मशीन चालवावं तशी दोरी चालवत होत्या.

"अहो, अजून कुऱ्हाड उचलली कुठे?"

"मग उचला ना लवकर! मला ब्लाउज द्यायचाय एकीला." पुन्हा टणटणटण. आणि नीट दिसत नाही म्हणून त्या दोरी सोडून सरळ रिंगणात आल्या, टायरमध्ये डोकावायला. "ह्याच्यात उभं करता होय! छान आहे हो. खुरपी ठेवायला मला एक मिळेल का असा?"

सावकाशरावांनी कुऱ्हाड शेडमध्ये ठेवली आणि दाराला कडी घातली. स्वयंपाकघराच्या खिडकीत पडदा हलला. पडद्यामागे कोणीतरी हसू दाबत होतं. पण बेल काही आली नाही.

तिसरा उपाय वखारीचा. वखारीत फोडलेलं लाकूड तयार मिळे. पण वखारवाला लाकूड विकायचा तेव्हा त्यावर अजून पानं असायची. ओलं लाकूड पेटत नाही, नुसतं धुपतं. तान्ह्या बाळाच्या घरात तो धूर कोण करणार? तो विचार सावकाशरावांनी रस्त्यातच सोडून दिला. परत येताना पुढे एक माणूस चालत होता. तो फार हळू चालत होता. सावकाशरावांना घरी पोचायला बराच वेळ लागला. लागू दे, असंच त्यांना वाटलं.

शनिवारी सकाळी फोन आला. बाईंनी उचलला. सावकाशराव कानटोपी वर करून ऐकत होते.

"आई," मुलीचा आवाज खोलीभर ऐकू येत होता, "आम्ही उद्याऐवजी आजच निघतोय. संध्याकाळी पोचू. पण खरं सांग, घर गरम आहे ना? नाहीतर सासूबाई म्हणतायत, थंडी सरल्यावर जा. इकडे पाइपाने गरम होतं सगळं. बाळ आधीच शिंकतंय."

बाईंच्या तोंडातून वाफ येत होती. त्यांनी शेगडीकडे पाहिलं. शेगडीत राखसुद्धा गार होती.

"गरम आहे," बाई म्हणाल्या. "अगदी घाम येतोय. ये तू."

फोन ठेवला. सावकाशराव बायकोकडे बघत राहिले. पायरीवर माणूस आहे, दार लागलेलं नाही, रस्ता मोकळा नाही, आणि बाईंनी बेल देऊन टाकली होती. आयुष्यातली पहिली खोटी बेल. बाईंनाही ते कळलं होतं. त्या विणकामात खाली बघत होत्या, आणि सुया चालत नव्हत्या.

सावकाशरावांना सोमवारचं आठवलं. खरं म्हणजे सोमवारपासून ते तेच आठवत होते, फक्त एका जागेपाशी येऊन मान फिरवत होते. बेल झाली होती, यावर ते अजून हात कापून द्यायला तयार होते. पण बेल झाल्यावर काय करायचं असतं? आरशात बघायचं असतं. सोमवारी बघितलं होतं का?

नव्हतं. बाळाचा विचार चालला होता. ते कोणासारखं दिसत असेल, याचा.

ते उठले. बूट घातले, चष्मा लावला. बोका पायात घोटाळत होता. "बोक्या," ते म्हणाले, "सांग त्यांना, मी बाहेर आहे."

अंगणात पांढरं दव गोठलं होतं. चुन्याची रेघ त्यात दिसेनाशी झालेली. सावकाशरावांनी पातं तपासलं. मधली चीर बघून एक सरळ लाकूड निवडलं, टायरमध्ये उभं केलं. कुऱ्हाड उचलली आणि थांबले. बेल येईल अशी काही आशा नव्हती. पण बाळ संध्याकाळी येणार होतं, आणि दुसरं काही करण्यासारखं त्यांना येत नव्हतं. ते तसेच उभे राहिले. खांदे दुखायला लागले. ते उभेच राहिले.

टण टण.

इतक्या दिवसांनी तो आवाज आला, की हात आपोआप सुटायलाच निघाले. पण या वेळी सावकाशरावांनी आधी मान उचलली आणि आरशात बघितलं.

आरशात बाई होत्या. रिंगणाच्या आत. त्यांच्या मागे दोन पावलांवर. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातातही चहाचा कप. दोन्हींवर बश्या झाकलेल्या. बाईंचं तोंड उघडं होतं आणि त्या आरशातूनच त्यांच्याकडे बघत होत्या.

सावकाशरावांनी कुऱ्हाड सावकाश खाली आणली. पातं जमिनीत रोवलं. मग वळले.

"बेल," ते म्हणाले.

"ऐकली," बाई म्हणाल्या.

"डबल होती."

"होती."

"तुमच्या हातात तर कप आहेत."

"दोन्ही हातांत आहेत," बाई म्हणाल्या. त्या स्वतःच्या हातांकडे अशा बघत होत्या, जणू तिसरा कुठे सापडतोय का.

टण टण.

दोघांनी एकदमच दाराकडे पाहिलं. दोरीचं टोक तिथे दाराशी लोंबत असे. त्याला पूर्वी एक लाकडी गोटी होती. ती झिजली म्हणून बाईंनी मागच्या रविवारी उरलेल्या पिवळ्या लोकरीचा एक गुबगुबीत गोंडा करून तिथे बांधला होता. त्या गोंड्याला आता बोका लटकला होता. पुढच्या दोन्ही पायांनी मिठी मारलेली, मागचे दोन हवेत. त्याने एक हिसका दिला, टण. सुटून पडला. पडल्या पडल्या उडी मारून पुन्हा पकडला, टण. त्याच्या चेहऱ्यावर कामावरच्या माणसाचं गांभीर्य होतं.

भिंतीवरून शिंपीणबाई म्हणाल्या, "अगं बाई! आमचा बोका तुमच्याकडे नोकरीला लागला वाटतं, वहिनी?"

बाईंनी कप ठोकळ्यावर, टायरच्या कडेला ठेवले.

"गोंडा मी बांधला," त्या म्हणाल्या.

"आणि मी आरशात बघितलं नव्हतं," सावकाशराव म्हणाले. "सोमवारी. बेल होती. पण आरशात बघायला हवं होतं. ते माझं काम."

"मीही बघायला हवं होतं. कुऱ्हाड वर असताना ढलपी उचलायला आत गेले. एकच बेल देऊन जायला हवं होतं. ते माझं काम."

चहावर वाफ होती. मग सावकाशराव म्हणाले, "पण अगं, आत्ताही कुऱ्हाड वर होती. आत्ता कशी आलीस आत?"

अंगणात त्यांनी तिला "अगं" म्हटलं होतं. बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी पदर खांद्यावर नीट घेतला.

"बेल दिली नव्हती ना मी," त्या म्हणाल्या. "मग तुम्ही कसले हलताय?"

सावकाशरावांनी यावर बराच वेळ विचार केला. आठवडाभर ज्या गोष्टीसाठी घरात बर्फ पडत होता, तीच गोष्ट बाई आता उद्या सूर्य उगवणार हे सांगावं तशी सांगत होत्या. बोलावं असं त्यांच्या मनात आलं. पण चहा निवत होता. त्यांनी चहा घेतला. साखर बरोबर होती.

मग बाई दाराशी गेल्या. गोंडा सोडला, कमरेला खोचला. दोरीचं टोक उंच आकड्याला अडकवलं. सावकाशराव जागेवर गेले. कुऱ्हाड उचलली.

टण. एकच.

कुऱ्हाड खाली. काय झालं म्हणून त्यांनी पाहिलं. बोका टायरच्या मध्यावर, उभ्या लाकडावर चढून बसला होता.

"उतरा," बाई म्हणाल्या.

बोक्याने पंजा चाटला.

बाईंनी छाती भरून श्वास घेतला. "चला, पुढे सरका!"

बोका उडी मारून थेट शेडवर गेला. भिंतीपलीकडे शिंपीणबाईही दोन पावलं पुढे सरकल्या, आणि का सरकलो ते त्यांना नंतर कळेना.

बाईंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. टण टण. सावकाशरावांनी आरशात पाहिलं. रिंगण मोकळं होतं. खाट्. लाकूड असं दुभंगलं, की दोन्ही फाका टायरला टेकून उभ्याच राहिल्या.

दुपारभर ते चाललं. फुटलेलं लाकूड बाईंनी आत नेऊन शेगडी पेटवली. धुराच्या नळातून आधी राखाडी, मग पातळ, मग नुसती थरथरती हवा यायला लागली. पाण्याचा नळ खोकला आणि वाहिला. बाईंनी एक स्वेटर काढला, मग दुसरा. तिन्हीसांजेला त्यांच्या कपाळावर खरोखरचा घाम होता. तो त्यांनी मुद्दाम पुसला नाही.

गाडी दाराशी थांबली. मुलगी बाळाला दुलईत गुंडाळून आत आली, आणि दारातच थांबली. "आई गं! किती ऊब आहे! मला वाटलं तू फोनवर थापा मारतेयस."

"मी?" बाई म्हणाल्या. "मी कधी मारल्यात का?"

त्यांनी सावकाशरावांकडे पाहिलं. सावकाशराव शेगडीत लाकूड सरकवण्यात फार गुंतले होते.

बाळ उघडलं. ते लाल होतं, रागावलेलं होतं, आणि कोणासारखंही दिसत नव्हतं. सावकाशरावांनी त्याला मांडीवर घेतलं आणि चुन्याच्या रेघेबाहेर बसावं तसे शेगडीपासून बेताने लांब बसले. बाईंनी पिवळी टोपी आणली. ती बाळाच्या डोक्यावर बसवून बघितली, काढली, आणि कमरेचा गोंडा तिच्यावर टाचायला घेतला.

मुलगी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. तिथून तिचा आवाज आला. "आई, इथे खिळ्याला काय लटकवलंय? अर्धी चप्पल? दोन अर्ध्या?"

सावकाशरावांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी सावकाशरावांकडे पाहिलं.

"बोक्याने कुरतडली," दोघे एकदम म्हणाले.

मुलगी तुकडे हातात घेऊन दारात आली. पट्टीने आखून कापावी तशी सरळ कापलेली चप्पल होती. तिने आईकडे पाहिलं. बापाकडे पाहिलं. मग शेगडीसमोर पसरलेल्या बोक्याकडे पाहिलं.

बोक्याने एक डोळा उघडला, टोपीवरच्या गोंड्याकडे बघितलं, आणि पुन्हा मिटला.